तिसरी दांडी फिरते तेव्हा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कर्करोगाची गाठ मूळ जागा सोडून शरीरभर कशी पसरते, यावरच्या गेल्या अंकातल्या लेखात एस१००ए४ या प्रथिनाचा विषय एका ओळीत उरकला होता : ‘कॅल्शियम मिळालं की हे प्रथिन पेशीला सरकायला मदत करतं.’ त्या ओळीवर आलेली पत्रं दोन तऱ्हेची आहेत. काही प्रयोगशाळेच्या टेबलावरून आलीत, काही दवाखान्याच्या बाकावरून. दोन्ही एकत्रच घेतली आहेत.

प्रश्न : एस, शंभर, ए, चार. हे नाव आहे की गाडीचा नंबर? आणि प्रथिन कॅल्शियम ‘धरतं’ म्हणजे नेमकं कशानं धरतं? बारावीच्या मुलांना फळ्यावर दाखवता येईल असं काही सांगा.
– एक शिक्षिका, इचलकरंजी

उत्तर : नंबरच आहे, फक्त आरटीओनं दिलेला नाही. १९६५ साली मूर यांनी गाईबैलांच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळं काढलं. अमोनियम सल्फेट वाढवत नेलं की बहुतेक प्रथिनं कधी ना कधी साका होऊन तळाशी बसतात. हे मात्र शंभर टक्के संपृक्त द्रावणातही विरघळलेलंच राहिलं. ‘सोल्युबल’मधला एस आणि त्या टक्क्यांचे शंभर, एवढीच या नावाची कुळकथा. पुढे त्याच घडणीची भावंडं सापडत गेली. माणसात ती आज वीसच्या वर आहेत. त्यांतल्या बहुतेकांची जनुकं पहिल्या गुणसूत्राच्या १क्यू२१ या भागात शेजारीशेजारी आहेत आणि त्या घोळक्याला ए हे अक्षर मिळालं. आपलं प्रथिन त्यातलं चौथं.

आता धरण्याबद्दल. मुलांना उजवा हात पुढे करायला सांगा. तर्जनी सरळ, अंगठा तिच्याशी काटकोनात ताठ, उरलेली तीन बोटं तळव्याकडे वळवलेली. तर्जनी म्हणजे एक हेलिक्स, म्हणजे स्प्रिंगसारखी पिळाची दांडी. अंगठा म्हणजे दुसरी हेलिक्स. वळवलेल्या मधल्या बोटाच्या कवेत कॅल्शियमचा आयन. या ठेवणीला ‘ईएफ-हँड’ म्हणतात. कार्प माशाच्या, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या माशाच्या स्नायूमधलं पार्वाल्ब्युमिन हे प्रथिन क्रेट्सिंगर आणि नॉकोल्ड्स यांनी १९७३ मध्ये उलगडलं, तेव्हा त्यातल्या ई आणि एफ या दोन हेलिक्सवरून हे नाव पडलं. एफ म्हणजे फिंगर असं मुलं हटकून लिहितात. ते खोडून काढा.

एस१००ए४च्या साखळीत १०१ अमिनो आम्लं आहेत, वजन सुमारे ११.७ किलोडाल्टन. एवढ्या लहान साखळीत असे दोन हात, म्हणजे चार हेलिक्स. दोन्ही हात मात्र सारखे नाहीत. मागचा, म्हणजे सी-टोकाकडचा हात पाठ्यपुस्तकातल्यासारखा : १२ अमिनो आम्लांचा फास, क्रमांक ६३ ते ७४. त्यात ६३वं अ‍ॅस्पार्टेट, ६५वं अ‍ॅस्पॅराजीन आणि ६७वं अ‍ॅस्पार्टेट आपापल्या बाजूच्या साखळीतून एकेक ऑक्सिजन देतात, ६९वं ग्लुटामेट साखळीच्या कण्यातून एक देतं, ७४वं ग्लुटामेट दोन देतं आणि सातवा ऑक्सिजन पाण्याच्या रेणूचा. पुढचा हात एस१०० घराण्याची खास ढब : फास १४ आम्लांचा, २० ते ३३. तिथे २०, २३, २५ आणि २८ या चौघांचे कण्यातले ऑक्सिजन, ३३व्या ग्लुटामेटचे दोन आणि एक पाणी. बेरीज इथेही सातच. पण कण्यातल्या ऑक्सिजनवर पूर्ण ऋणभार नसतो, त्यामुळे या हाताची पकड ढिली. मागचा हात काही मायक्रोमोलर (मोलरचा दशलक्षांश) कॅल्शियमला आवळतो, पुढच्याला त्याच्या कितीतरी पट जास्त लागतं. हा फरक पुढच्या उत्तरांत कामाला येणार आहे.

प्रश्न : माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये कॅल्शियम नसलेली आणि असलेली रचना एकावर एक ठेवून फरक दाखवायचा आहे. प्रोटीन डेटा बँकेतून दोन फायली घेतल्या, पायमॉल या रचना दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अलाइन केल्या, तर सगळंच थोडंथोडं सरकलेलं दिसतं, कुठलाच एक भाग हलल्यासारखा वाटत नाही. शिवाय कॅल्शियमचे ठिपके मधेच कुठेतरी तरंगतात.
– विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : फायलींची नावं पत्रात नाहीत, तेव्हा या दोन घ्या : कॅल्शियम नसलेली १एम३१ आणि कॅल्शियम असलेली २क्यू९१. शोधताना अर्थातच रोमन अक्षरं टाका. पहिली एनएमआरची (द्रावणात, चुंबकक्षेत्राच्या मदतीनं मोजलेली) आहे, म्हणजे एकाच फायलीत एकावर एक रचलेली अनेक मॉडेल्स. त्यातलं पहिलंच ठेवा, नाहीतर पडद्यावर नुसता गुंता दिसतो. दुसरी स्फटिकाची आहे.

तुमची मुख्य अडचण सरासरीची आहे. सगळी साखळी धरून अलाइन केलं की प्रोग्रॅम चूक सगळ्यांत वाटून टाकतो. जो भाग खरोखर हलला तो थोडा कमी हललेला दिसतो आणि जे जागेवर होते तेही सरकल्यासारखे दिसतात. त्यासाठी न हलणारा भाग आधी खुंटीसारखा पक्का धरायचा. एस१००ए४ एकटं कधी फिरत नाही, दोन साखळ्यांची जोडी असते. दोघींची पहिली आणि चौथी हेलिक्स मिळून मध्यभागी चार दांड्यांची जुडी बनते. कॅल्शियम आलं-गेलं तरी ही जुडी जवळजवळ तशीच राहते. म्हणून ए आणि बी या दोन्ही साखळ्यांतले ५ ते १८ आणि ७४ ते ८६ एवढेच क्रमांक निवडून त्यांवर अलाइन करा. एकच साखळी घेऊन अलाइन केलंत तर दुसरी भलतीकडे कललेली दिसेल आणि तुम्ही नसलेला शोध लावाल.

आता तिसऱ्या हेलिक्सकडे पाहा, साधारण ५१ ते ६२. कॅल्शियम नसताना ती चौथीला जवळपास समांतर, उलट्या दिशेनं पडलेली असते. ७४व्या ग्लुटामेटनं कॅल्शियमला दोन्ही ऑक्सिजन दिले की फास आवळतो आणि तिसरी दांडी झुलून चौथीशी काटकोनाच्या बाजूला जाते. हा दहा-पाच अंशांचा किरकोळ फरक नाही, डोळ्यांना लख्ख दिसतो. पहिला हात जवळपास आहे तसाच राहतो. तिसरी बाजूला झाली की तिच्या आणि चौथीच्या मध्ये, दुसऱ्या-तिसऱ्याला जोडणाऱ्या बिजागरीपाशी, तेलकट अमिनो आम्लांची एक खाच उघडी पडते. प्रोजेक्टचं मुख्य चित्र हेच. पृष्ठभाग दाखवा आणि जलविरोधी आम्लांना एक वेगळा रंग द्या; आधी आणि नंतर अशी दोन चित्रं शेजारीशेजारी पुरतील.

आता तरंगणारे ठिपके. पीडीबी (प्रोटीन डेटा बँक) फायलीत अल्फा कार्बनचं नाव सीए आणि कॅल्शियमचंही सीए. ‘नेम सीए’ असं निवडलं की दोन्ही जाळ्यात येतात. निवडीत ‘पॉलिमर’ जोडा म्हणजे फक्त प्रथिनाचे अणू राहतील. कॅल्शियम ‘एलिमेंट’ किंवा ‘रेझनेम’ वापरून वेगळं निवडा. एक तपासणी सुरुवातीलाच करा : ६३व्या जागी अ‍ॅस्पार्टेट आणि ७४व्या जागी ग्लुटामेट दिसतंय का. नसेल तर त्या फायलीत क्रमांक सरकलेले आहेत, कारण क्लोनिंगमध्ये पुढे उरलेली एक-दोन आम्लं काही जण मोजतात. आणि शेपटाची शेवटची काही लायसिन-आर्जिनीन स्फटिकात बहुधा दिसतच नाहीत. ती गळालेली नसतात. सारखी हलत असतात म्हणून क्ष-किरणांना सापडत नाहीत. प्रबंधात ‘शेपूट नाही’ असं लिहू नका.

प्रश्न : खाच उघडली, पुढे काय? एक दांडी फिरल्यानं कर्करोग फुप्फुसापर्यंत कसा जातो, हा दुवा लेखात सुटला होता.
– निवृत्त वाचक, जयसिंगपूर

उत्तर : सुटला होता, मान्य. त्या खाचेत येऊन बसणाऱ्यांत सगळ्यांत नीट अभ्यासलेलं प्रथिन म्हणजे बिगर-स्नायू मायोसिन टू-ए. या मायोसिनच्या प्रत्येक रेणूला लांब शेपूट असतं, दोन साखळ्या एकमेकींभोवती पिळून केलेलं, अगदी दोरासारखं. तीसेक रेणू शेपटाला शेपूट लावून एक जुडी बांधतात आणि ही जुडी पेशीतल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंना ओढते. पेशी जागेला घट्ट राहते ती बऱ्याच अंशी अशा जुड्यांच्या ताणामुळे.

एस१००ए४ नेमकं दोराच्या टोकाला हात घालतं. जुडी बांधायला शेपटाचा जो शेवटचा भाग लागतो, तिथला पीळ सोडवून एक साखळी आपल्याभोवती गुंडाळून घेतं. २०१२ मध्ये बुडापेस्टच्या गटानं प्रसिद्ध केलेल्या स्फटिकरचनेत, ३झेडडब्ल्यूएच या फायलीत, ते सरळ दिसतं : मायोसिनचा एकच तुकडा जोडीतल्या दोन्ही साखळ्यांच्या खाचा भरत अख्ख्या जोडीला वेढा घालून बसलेला. जोडी दुहेरी आणि सममित, पण पाहुणा एकच आणि तिरका. गणित मांडताना इथेच घसरायला होतं. दोन एस१००ए४ साखळ्यांना मायोसिनची एक साखळी, आणि मायोसिनच्या पूर्ण रेणूत अशा दोन साखळ्या, म्हणजे एका रेणूला चार एस१००ए४ लागतात. एकास एक धरून बसवलेला आलेख कधीच जुळत नाही.

पाहुणा बसला की कॅल्शियमची पकडही घट्ट होते, आणि हे महत्त्वाचं. पेशी निवांत असताना तिच्यातलं मोकळं कॅल्शियम ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास असतं, हुकूम आला की एक मायक्रोमोलरच्या घरात जातं. एकट्या एस१००ए४ला एवढं अपुरंच. मायोसिन शेजारी असेल तर मात्र तेवढ्यावर भागतं. म्हणजे कॅल्शियमची लाट आणि मायोसिन दोन्ही जिथे आहेत तिथेच हे काम होतं, उदाहरणार्थ सरकणाऱ्या पेशीच्या पुढच्या कडेला. तिथल्या जुड्या सुटतात, मोकळे रेणू पुन्हा दुसरीकडे बांधले जातात, आणि पेशी पाय पुढे टाकते. नुसतं मोडणं असतं तर पेशी लुळी पडली असती. मोडून पुन्हा बांधण्याचा वेग वाढतो, त्यातून ती सरकते.

इथे गेल्या वेळच्या ओळीला एक पुरवणी हवी. हे प्रथिन कर्करोग सुरू करत नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ज्या उंदरांत फक्त एस१००ए४ वाढवलं होतं त्यांना त्यामुळे गाठी आल्या नाहीत. त्यांचा संकर स्तनाच्या गाठी होणाऱ्या उंदरांशी केला, तेव्हा फुप्फुसात पसरण्याचं प्रमाण वाढलं. शिवाय निरोगी शरीरातही ते असतं. तंतुपेशींत आणि पांढऱ्या पेशींत, जिथे सरकणं हेच काम आहे, तिथे ते रोजचं आहे.

प्रश्न : आईला स्तनाचा कर्करोग आहे. ऑपरेशन, केमो झालं, आता रोज लेट्रोझोल आणि त्यासोबत कॅल्शियमची गोळी. तुमचा लेख वाचल्यापासून ती गोळी घ्यायला तयार नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूधही बंद केलंय. कॅल्शियम दिलं तर हे प्रथिन जागं होतं, असंच तुम्ही लिहिलंय ना?
– मुलगा, शिवाजी पेठ

उत्तर : आईंना सांगा, गोळी सुरू ठेवा. आमच्या ओळीत ‘कुठलं कॅल्शियम’ हे राहून गेलं, त्याचा हा ताप तुम्हाला झाला.

रक्तातलं एकूण कॅल्शियम शरीर ८.५ ते १०.५ मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर या पट्ट्यात बांधून ठेवतं. पॅराथायरॉइडचं संप्रेरक, ड जीवनसत्त्व, हाडं आणि मूत्रपिंडं मिळून हा हिशेब सांभाळतात. पोटात दोन पेले दूध जास्त गेलं तर लघवीतून आणि शौचातून जास्त जातं. कमी गेलं तर हाडांतून उचललं जातं. पेशीच्या आतलं मोकळं कॅल्शियम तर बाहेरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढंच असतं. ते तसं ठेवायला पेशी चोवीस तास पंप चालवते, आणि लाट येते ती पेशीच्या स्वतःच्या साठ्यातून किंवा पडद्यावरची दारं क्षणभर उघडून. तिचा दुधाच्या पेल्याशी संबंध नाही. काही एस१००ए४ पेशीबाहेरही सुटतं. तिथे मोकळं कॅल्शियम एक मिलिमोलरच्या वर, म्हणजे दोन्ही हात आधीच जवळपास भरलेले. तिथे आणखी कॅल्शियम ओतून बदलायचं काहीच उरत नाही.

उलट गोळी थांबवण्यात खरा धोका आहे. लेट्रोझोलमुळे इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक खूप खाली जातं आणि हाडं झपाट्यानं विरळ होतात. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व बंद केलं, तर रक्तातलं कॅल्शियम घसरून तोंडाभोवती मुंग्या येणं, हातापायात वांब येणं असले प्रकार होतात. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणासोबत घ्यायचं. थायरॉइडची गोळी असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही.

कॅल्शियम थांबवावं लागतं ते एका परिस्थितीत, आणि ती डॉक्टरांनी ठरवायची : काही कर्करोगांत, विशेषतः हाडांत पसरल्यावर, रक्तातलं कॅल्शियमच चढतं. सारखी तहान, सारखी लघवी, घट्ट बद्धकोष्ठ, गुंगी, असंबद्ध बोलणं असं दिसलं तर वाट न पाहता त्याच दिवशी सीरम कॅल्शियम आणि अल्ब्युमिन करून घ्या.

कट्ट्यावरच्या दुधाबद्दल वेगळं सांगायचंय. म्हैस समोर पिळून पेला तोंडाला लावायची आपल्याकडची रीत धडधाकट पैलवानाला एकवेळ पचेल. केमोच्या काळात पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात तेव्हा धारोष्ण दूध नकोच. दूध आणा, घरी उकळी येऊ द्या, मग द्या.

प्रश्न : एस१००ए४ ई. कोलायमध्ये बनवून फिनाइल सेफरोज या तेलकट कॉलमवर शुद्ध करतोय. कॅल्शियममध्ये चिकटतं, कॅल्शियम पकडून घेणाऱ्या ईजीटीएनं सुटतं, जेलवर ११-१२ किलोडाल्टनला छान बँड येतो. पण २८० नॅनोमीटरला रीडिंग ०.०६! प्रथिन गेलं कुठे? डायलिसिसनंतर (पिशवीत घालून बफर बदलल्यावर) तर २३च्या आसपास दुसरा बँड येतो. गाइड म्हणतात अशुद्धी आहे, कॉलम पुन्हा चालवा.
– संशोधक विद्यार्थी, विद्यापीठ परिसर

उत्तर : कॉलमला हात लावू नका, आधी रीडिंगचा अर्थ लावू. २८०चं रीडिंग मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीन या अमिनो आम्लांवर ठरतं. या प्रथिनात ट्रिप्टोफॅन एकही नाही. टायरोसीन दोन, १९ आणि ७५ क्रमांकाला. त्यावरून मोलर शोषणांक २९८० येतो, म्हणजे १ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. द्रावण एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये फक्त ०.२५ दाखवतं. तुमचं ०.०६ म्हणजे जवळपास पाव मिलिग्रॅम प्रति मि.लि. ईजीटीएनं १५-२० मि.लि. गोळा केलं असेल तर चार-पाच मिलिग्रॅम प्रथिन तुमच्या हातात आहे. अल्ब्युमिनच्या सवयीनं पाहणारा ते ओतून देतो.

एकाच तरंगलांबीवर थांबू नका, २४० ते ३४०पर्यंत पूर्ण स्कॅन घ्या. फिनाइलअ‍ॅलॅनीन तब्बल नऊ असल्यानं २५२, २५८ आणि २६४च्या आसपास बारीक दातेरी उंचवटे दिसतात. ते दिसले की प्रथिन शुद्ध असल्याचा चांगला पुरावा. त्याऐवजी २६०ला गुळगुळीत टेकाड असेल तर डीएनए-आरएनए सोबत आलंय. ब्लँक मात्र त्याच बफरचा, त्याच दिवशीचा. बफरमध्ये डीटीटी (गंधकाचे बंध तोडणारं रसायन) असेल तर ते जुनं होता होता ऑक्सिडाइझ होतं आणि स्वतःच २८०ला शोषतं. काल बनवलेला ब्लँक आज खोटं बोलतो. ब्रॅडफर्ड ही प्रथिन मोजायची रंगचाचणी इतक्या लहान प्रथिनावर अल्ब्युमिनच्या मापानं बरोबर बसत नाही. बीसीए ही तांब्यावरची चाचणी तर विसराच, ईजीटीए तांबं पकडतं आणि डीटीटी ते कमी करतं, दोन्हीकडून आकडा बिघडतो. त्या चाचण्या करायच्याच असतील तर दोन्ही काढून टाकलेल्या बफरात करा.

२३चा बँड. नैसर्गिक जोडी जेलमधल्या एसडीएस या साबणात टिकत नाही, कारण ती तेलकट पृष्ठभागांच्या चिकटण्यानं बनलेली आहे. जेलवर जोडी दिसली तर ती गंधकाच्या बंधांनी शिवलेली. या साखळीत चार सिस्टीन, म्हणजे गंधकवाली आम्लं, आहेत : ३, ७६, ८१, ८६. डायलिसिसच्या रात्रभर हवेत ती एकमेकांना सापडतात. तपासणी सोपी. तोच नमुना दोन चरांत लावा, एकात ताजं डीटीटी घालून ९५ अंशांवर पाच मिनिटं, दुसऱ्यात डीटीटी नाही. पहिल्यात २३ गायब झाला तर अशुद्धी नव्हती. पुढच्या खेपेला डायलिसिस बफरात ताजं १ मिलिमोलर डीटीटी किंवा टीसीईपी ठेवा. टीसीईपी फॉस्फेट बफरात टिकत नाही, ट्रिसमध्ये वापरा. डायलिसिसची पिशवी ३.५ किलोडाल्टनची घ्या. १२-१४ची कपाटात पडलेली असते म्हणून वापरली जाते आणि त्यातून थोडं थोडं प्रथिन झिरपून जातं. वर सांगितलेल्या बुडापेस्टच्या रचनेत ३, ८१ आणि ८६ची सिस्टीन बदलून सेरीन केली आहेत आणि ४५व्या फिनाइलअ‍ॅलॅनीनच्या जागी ट्रिप्टोफॅन घातलंय. तुमची दोन्ही दुखणी एकाच रचनेत कशी निस्तरली, ते पाहून ठेवा.

पत्रात नसलेल्या, पण अशा कामात हमखास होणाऱ्या आणखी काही चुका. अमोनियम सल्फेटनं इतर प्रथिनं खाली बसवून वरचं द्रावण थेट कॉलमला लावण्याचा मोह होतो, कारण मीठ जास्त असलं की फिनाइलला प्रथिन चांगलं चिकटतं. पण त्यात कॅल्शियम क्लोराइड घातलं की कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, पांढरं बसू शकतं आणि कॉलम तुंबतो. आधी डायलिसिस करून सल्फेट काढा, मग २ ते ५ मिलिमोलर कॅल्शियम. फॉस्फेट बफर तर इथे नकोच, तोही कॅल्शियमबरोबर साका करतो. ईजीटीए पाण्यात टाकून ढवळत बसलात तर विरघळणार नाही. सोडियम हायड्रॉक्साइडनं पीएच ८कडे नेला की विरघळतं. आणि ईजीटीएनं एक कॅल्शियम पकडलं की दोन प्रोटॉन सुटतात. कॉलमवरून उतरताना २० मिलिमोलर ट्रिसचा पीएच घसरू शकतो, म्हणून ५ मिलिमोलर ईजीटीएच्या बफरात ट्रिस ५० ठेवा.

‘कॅल्शियम नसलेलं’ प्रथिन म्हणून जे ठेवाल त्याला काच दाखवू नका. धुतलेल्या काचेतून, पीएच मीटरच्या दांडीवरून, साध्या डिस्टिल्ड पाण्यातून मायक्रोमोलरमध्ये कॅल्शियम येतं, आणि तुमचा मागचा हात तेवढ्याचाच भुकेला आहे. प्लॅस्टिकची भांडी आणि चेलेक्स या कॅल्शियम पकडणाऱ्या रेझिनवरून गाळलेला बफर वापरा. शेवटी प्रथिन जिवंत आहे का हे पाहायला एएनएस हा रंग घ्या. तेलकट जागी बसला की तो चमकतो. ईजीटीएत फिका, कॅल्शियम घातल्यावर तेजस्वी आणि निळ्याकडे सरकलेला दिसला, तर तिसरी दांडी फिरतेय. दोन्हीकडे सारखाच चमकला तर प्रथिन उलगडलेलं किंवा गोळा झालेलं आहे, आणि मग कॉलम पुन्हा चालवूनही उपयोग नाही.

प्रश्न : बहिणीच्या मानेवरची गाठ काढली. बायॉप्सीच्या रिपोर्टवर ‘एस-१०० पॉझिटिव्ह’ आहे. म्हणजे पसरणारं प्रथिन सापडलं का? पॅथॉलॉजिस्टनी गाठ साधी आहे असं तोंडी सांगितलंय, पण मन मानत नाही.
– वाचक, कागल

उत्तर : ते प्रथिन हे नव्हे. रिपोर्टमधला एस-१०० हा डाग मुख्यतः एस१००बी या भावंडाला लागतो. मज्जातंतूंच्या आवरणाच्या पेशी, त्वचेतल्या रंगपेशी यांच्यात ते भरपूर असतं, म्हणून गाठ कुठल्या जातीच्या पेशींची हे ओळखायला तो डाग लावतात. श्वानोमा ही मज्जातंतूची साधी गाठ आणि मेलानोमा हा त्वचेचा गंभीर कर्करोग, दोन्ही एस-१०० पॉझिटिव्ह असतात. त्या एका शब्दावरून साधी की वाईट हे ठरत नाही. ठरतं ते पेशींची ठेवण, त्यांच्या विभागणीचं प्रमाण आणि सोबतच्या डागांवरून. रिपोर्टच्या शेवटची निदानाची ओळ वाचा आणि ती लेखी मागून घ्या, तोंडी नको. शौचाच्या तपासणीत ‘कॅलप्रोटेक्टिन’ दिसलं तर तेही याच घराण्यातलं, एस१००ए८ आणि ए९ची जोडी. ते आतड्याची सूज सांगतं.

इंटरनेटवर शोधणाऱ्यांसाठी : एस१००ए४ला जुन्या लेखांत एमटीएस१, मेटास्टॅसिन, पी९केए, कॅपएल आणि एफएसपी१ अशी नावं आहेत. शेवटचं फसवं आहे. अलीकडे एफएसपी१ म्हणून फेरोप्टोसिस (लोहामुळे होणारा पेशीचा मृत्यू) रोखणारं एक पूर्ण वेगळं प्रथिन ओळखलं जातं. दोन्हींचे लेख एकाच यादीत येतात.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की जंताची निक्लोसामाइड गोळी हे प्रथिन बंद करते. मेडिकलमधून आणून द्यावी का?
– वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नका देऊ. गोष्टीला धागा आहे. बर्लिनच्या गटानं २०११ मध्ये दाखवलं की निक्लोसामाइड आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींत एस१००ए४चं जनुक वाचलं जाणं कमी करतं आणि उंदरांत पसरणं घटतं. ते प्रथिनाच्या खाचेत बसत नाही, त्याच्या बरंच आधी, बीटा-कॅटेनिन या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाच्या मार्गावर अडवतं. पण ही गोळी टेपवर्मसाठी बनली ती आतड्यातून फारशी शोषली जात नाही म्हणूनच. जंताला आतड्यातच गाठायचं असतं. उंदरात किंवा काचेच्या ताटलीत जेवढं पोचलं तेवढं माणसाच्या गाठीत पोचेल असं धरता येत नाही. शिवाय ती पेशीच्या ऊर्जानिर्मितीची जोडणीच सोडवते, त्यामुळे मनानं मात्रा वाढवणं हा खेळ नाही.

खाचेतच बसणारी औषधंही शोधली गेलीत. ट्रायफ्लुओपेराझिन हे मनोविकारावरचं जुनं औषध तिथे बसतं, आणि २०१०च्या ३केओ० या रचनेत त्यामुळे एस१००ए४च्या पाच जोड्यांचं कडं झालेलं दिसतं. अशा कड्यात अडकलेली जोडी मायोसिनला हात घालू शकत नाही. चित्र सुंदर आहे. पण तशीच तेलकट खाच कॅल्मोड्युलिन या कॅल्शियम धरणाऱ्या दुसऱ्या प्रथिनालाही आहे आणि तिथेही हे औषध बसतं, मेंदूवरचा परिणाम वेगळाच. चालू केमोच्या गोळ्यांत यातली कुठलीही मिसळण्याआधी गोळीचं पाकीट घेऊन ऑन्कॉलॉजिस्टकडे जा, फॉरवर्ड केलेला मेसेज घेऊन नको.